मदत हवी आहे: चार्ज टीटीआयची पाती लेदरमन वेव्हवर चढवायची आहेत

तारजाळे:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे लेदरमन वेव्ह (पक्कड, पाती वगैरे एकत्र असलेलं घडीचं हत्यार) आहे, २००४ नंतरच्या रचनेचा, पण नवा वेव्ह प्लस नाही. शिवाय लेदरमनचंच दुसरं मॉडेल, एक वापरलेला चार्ज टीटीआय हाती आला आहे. आधीच्या मालकाने कडक तारा तोडल्यामुळे त्याच्या पक्कडीतल्या कटरला खाचा पडल्या आहेत. चार्जचं एस३०व्ही स्टीलचं पातं आणि हूकवालं दातेरी पातं मला वेव्हवर हवं आहे. जमलं तर हँडलवरच्या टायटॅनियमच्या पट्ट्याही. घासाघाशी न करता हे बसेल का? कोणते बिट लागतील?

कानसवाला:
दोन्ही पाती बसतात. २००४ नंतरचा वेव्ह आणि चार्ज एकाच सांगाड्यावर बेतलेले आहेत, बंद लांबीही दोन्हींची १० सेंमी. सुट्ट्या भागांसाठी जुना नग शोधणाऱ्यांनी मात्र १९९८ चा पहिला वेव्ह घेऊ नये. त्याची बांधणीच वेगळी आहे.

टायटॅनियमचा नाद सोडा. वेव्हचं हँडल म्हणजे वळवलेला स्टीलचा पत्रा, पट्टी धरून ठेवायला त्यात सोय नाही. भोकं पाडून रिव्हेट मारलं तर त्याचं डोकं आत येतं आणि हत्यारं त्यावर अडतात.

टी-८ आणि टी-१० असे दोन्ही मापांचे, मधोमध भोक असलेले सिक्युरिटी टॉर्क्स बिट ठेवा, आणि प्रत्येकी दोन घ्या. एका बाजूने फिरवलं की अख्खी कणा-पिनच (पाती जिच्यावर फिरतात ती) गरगर फिरते, म्हणून दुसरी बाजू धरून ठेवावी लागते. स्वस्तातला बिट वापरू नका. तो पिळतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो, मग ड्रिल करण्यावाचून मार्ग उरत नाही. स्क्रू हलत नसेल तर आटे लॉकरने (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाने) चिकटलेले असतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, बिट सरळ उभा दाबा आणि गरम असतानाच फिरवा.

सुरुवातीलाच सगळ्या पात्यांच्या धारेवर मास्किंग टेप लावा. एका वेळी एकच हँडल उघडा, दुसरं नमुना म्हणून तसंच राहू द्या. प्रत्येक थराचा फोटो घ्या. वॉशर, स्पेसर जे निघेल ते त्याच क्रमाने कागदावर मांडा. अशा कामात बिघाड होतो तो बहुतेक वेळा इथेच: थरांची एकूण जाडी बदलते. जाडी कमी झाली तर पातं डुगडुगतं, जास्त झाली तर स्क्रूला पुरेसे आटे मिळत नाहीत. म्हणून जुन्या आणि नव्या पात्याचं बूड (पिनवर बसणारा भाग) व्हर्नियरने मोजा. फरक भरायचा असेल तर ०.१ मिमी फॉस्फर ब्रॉन्झच्या पत्र्याचा वॉशर कापा. पेयाच्या कॅनचा पत्राही साधारण तेवढाच असतो, पण अॅल्युमिनियम लवकर झिजतं.

पितळी_पिन:
जोडतानाचं थोडं. कण्यावर शिवणमशीनच्या तेलाचा एकच थेंब. आटे मात्र स्पिरिटने पुसून कोरडे करा आणि तिथे निळं लॉकर लावा, लाल नको. खेळ जाईपर्यंत आवळा, मग किंचित मागे घ्या. लॉकर कण्यावर ओघळलं तर पातं जाम होतं, म्हणून ते काडीच्या टोकाने लावायचं. पूर्ण सुकायला २४ तास द्या.

हूकवालं पातं बंद करताना हूक हँडलच्या आतल्या भिंतीला घासतो का, तेही पाहा.

तारजाळे:
धन्यवाद. हूकवालं पातं व्यवस्थित बसलं. एस३०व्ही पातं उघडतं, पण लायनर लॉक (उघडं पातं अडवून धरणारी हँडलमधली पट्टी) बुडाच्या अगदी कडेवर जेमतेम टेकतो. पात्याच्या पाठीवर दाब दिला की सुटतो.

कानसवाला:
या अवस्थेत ते वापरू नका, बोटावर मिटेल. आधी लॉकची बैठक पुसून घ्या. सुकलेल्या लॉकरचा कण अडकला तरी असंच होतं. स्वच्छ करूनही तेच असेल तर पात्याचं बूड केसभर मोठं आहे. बुडाच्या ज्या तोंडावर लायनर टेकतो तिथे मार्करने रंग द्या, लॉक चार-पाच वेळा लावा-काढा आणि रंग कुठे पुसला जातो ते बघा. तेवढ्याच जागी बारीक डायमंड कानस, उताराचा कोन अजिबात न बदलता, दोन-तीन हात फिरवा आणि जोडून पाहा. पुन्हा दोन हात, पुन्हा जोडणी. लायनर तोंडाच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत आत आला की थांबा.

लायनरला कानस लावू नका. पातं बदलता येतं, लायनर हा हँडलचाच भाग आहे. ग्राइंडरही नको, बूड निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं. आणि उलट प्रकार असेल, म्हणजे लायनर पार पलीकडच्या बाजूला जात असेल, तर घासून तो आणखी बिघडतो. तिथे दुसरं पातं शोधणं हाच उपाय.

पितळी_पिन:
तारजाळे, टायटॅनियम खरंच हवं असेल तर उलट दिशेने विचार करा. चार्जमध्ये खराब आहे ती फक्त पक्कड. वेव्हच्या पक्कडीचं डोकं चार्जमध्ये टाकलं की एस३०व्ही, हूक आणि टायटॅनियम सगळं एका जागी मिळतं आणि लॉकच्या बैठकीला हात लावावा लागत नाही. २०१८ पासूनच्या वेव्ह प्लसचं डोकं मिळालं तर फारच उत्तम, त्यात १५४सीएम स्टीलचे बदलता येणारे कटर आहेत. वॉरंटी २५ वर्षांची आहे आणि असे बदल केलेला नग तिच्यात बसत नाही, तेव्हा चार्ज अजून पूर्ण उघडला नसेल तर हेही विचारात घ्या.

तारजाळे:
वेव्हचं अंग बारीक आहे, म्हणून तोच पाया ठेवतो. बूड घासलं, लॉक आता एक तृतीयांशावर बसतो, पाठीवर दाबूनही सुटत नाही. एस३०व्हीला धार कशावर लावू?

कानसवाला:
डायमंड प्लेटवर. या स्टीलमध्ये सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे कार्बाइड साध्या दगडापेक्षा कठीण, म्हणून दगड झिजतो आणि धार येत नाही. ६०० ग्रिटवर बर (धारेच्या पलीकडे वळणारी बारीक कड) येईपर्यंत, मग १२०० वर हलक्या हाताने. शेवटी चामड्यावर डायमंड पेस्ट.