रेषापंच ऑफसाइड ‘देतो’ की ‘दाखवतो’?

गोदाकाठ:
मंडळी, एका शब्दापायी आमचा अर्ज परत आलाय. पुतण्या शाळेच्या फुटबॉल संघात गोली, म्हणजे गोलकीपर आहे. परवाच्या तालुक्याच्या मॅचमध्ये शेवटची पाच मिनिटं उरलेली, आमच्या पोरांनी गोल केला. तेवढ्यात कडेनं रेषापंचाचा झेंडा वर, लगेच शिट्टी, गोल रद्द. म्हणे ऑफसाइड, पास निघताना आमचा खेळाडू बचावफळीच्या पुढं होता. शाळेतल्या सरांना लिहायचा कंटाळा, म्हणून तक्रारअर्ज मी लिहून दिला. ‘रेषापंचांनी चुकीचा ऑफसाइड दिल्यामुळे आमच्या संघावर अन्याय झाला.’ अर्ज जिथं दिला तिथले एक जाणते गृहस्थ. त्यांनी लाल पेनानं ‘रेषापंचांनी’ आणि ‘दिल्यामुळे’ या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘असे पद नाही. आणि ते काही देत नाहीत.’
आता मला सांगा, आम्ही लहानपणापासून रेषापंचच म्हणत आलो, ते चूक कसं? आणि ‘दिला’ नाही तर काय? झेंडा तर त्यानंच वर केला ना.

निवृत्त मास्तर:
लाल पेनवाले बरोबर आहेत. १९९६ पासून या पदाचं नाव ‘असिस्टंट रेफरी’ आहे, म्हणजे सहाय्यक पंच. आणि नियम क्रमांक ६ मध्ये स्पष्ट आहे की हे लोक मुख्य पंचाला मदत करतात, निर्णय मुख्य पंचाचा. झेंडा ही खूण. पंचाला पटली तर शिट्टी, नाही पटली तर खेळ चालू. तुम्हीच सांगा, शेतात पाणी शिरलं तर तलाठी येऊन पाहणी करतो, मंजुरी वरून येते. ‘तलाठ्यानं अनुदान दिलं’ असं म्हणतो का आपण?

उदगीरचा पाहुणा:
म्हणतो की, गुरुजी! आमच्याकडं तर तलाठ्यालाच म्हणतेत. ‘त्यानं त्याच्या भावकीला दिलं, आम्हाला नाही दिलं.’ वर कोण सही केली ते कोण बघायलंय? जो बांधावर दिसतो तोच देतो. मैदानावर बी तसंच.

निवृत्त मास्तर:
लोक म्हणतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.

ओसरी:
मास्तर, आधी ‘सहाय्यक’चं बघा. तो शब्द ‘साहाय्यक’ तरी हवा किंवा ‘सहायक’ तरी. ‘सहाय’ म्हणजे सोबती, त्यावरून सहायक. ‘साहाय्य’ म्हणजे मदत, त्यावरून साहाय्यक. तुम्ही लिहिलंय ते दोन्हींचं अर्धंअर्धं. दुसऱ्याच्या अर्जावर लाल पेन चालवण्याआधी स्वतःचं शुद्धलेखन तपासावं.

निवृत्त मास्तर:
लाल पेन माझं नव्हतं. आणि सरकारी पाट्यांवर ‘सहाय्यक’च असतं.

ओसरी:
‘लोक म्हणतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.’ आपलंच वाक्य, वर चार ओळींवर.

आमखासवाला:
हे ‘साहाय्यक’ प्रकरण सुरू झालं की धागा गेला बाराच्या भावात. मूळ प्रश्नावर या. माझं म्हणणं असं की मास्तरांचा नियम बरोबर, पण भाषेचा निष्कर्ष चूक. ‘पंच’ म्हणजे निकाल देणाराच, हे कुणी ठरवलं? पंचायतीतला पंच निकाल देतो, कबूल. पण पंचनाम्यातला पंच काय करतो? पोलीस चहाच्या टपरीवरून दोन माणसं उचलून आणतात, ‘हे बघा, हा सुरा इथं पडलाय, करा सही.’ तो पंच बघतो, सही करतो, घरी जातो. निकाल दुसरंच कुणी देतं. म्हणजे मराठीत पंच दोन जातींचे आहेत, एक ठरवणारा आणि एक पाहणारा. रेषेवरचा हा दुसऱ्या जातीचा. तेव्हा ‘रेषापंच’ हा शब्द शंभर नंबरी बरोबर. फक्त ‘दिला’चं बघायला लागेल.

गोदाकाठ:
हे पंचनाम्याचं भारी आहे. अर्जात वापरू का?

आमखासवाला:
नका. अजून एक लाल रेघ येईल.

भूमिती:
‘दिला’बद्दल मला सांगायचंय. १९६६ च्या विश्वचषकाची फायनल घ्या, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. जादा वेळ, १०१ वं मिनिट, इंग्लंडच्या हर्स्टचा फटका आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला लागून रेषेजवळ आपटला आणि बाहेर आला. स्वित्झर्लंडचे पंच डीन्स्ट यांना काही कळेना. ते कडेला गेले, तिथं रेषापंच, बाकूचे बाहरामोव्ह. त्यांनी मान हलवली आणि गोल झाला. नियमानं गोल दिला डीन्स्टनं. पण जगात कुणालाही विचारा, ‘बाहरामोव्हनं गोल दिला’ असंच म्हणतील. डीन्स्टचं नाव निम्म्यांना माहीत नाही. बाकूतल्या स्टेडियमला आज नाव बाहरामोव्हचं आहे, सही करणाऱ्याचं नाही. उदगीरच्या पाहुण्यांचा तलाठी तो हाच.
इंग्रज मात्र आजवर त्यांना ‘रशियन लाइनमन’ म्हणतात, बिचारे अझरबैजानचे असून. शब्दांच्या बाबतीत तेही आपल्यासारखेच.

उदगीरचा पाहुणा:
बघा, मी म्हणलो नव्हतो?

निवृत्त मास्तर:
उलट बाजू सांगतो. १९८६ चा विश्वचषक, मॅराडोनाचा हाताचा गोल. पंच ट्युनिशियाचे, कडेला बल्गेरियाचे गृहस्थ. पंचांचं म्हणणं, मी कडेच्या खुणेची वाट पाहत होतो. कडेच्यांचं म्हणणं, निर्णय त्यांचा होता. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवलं. ‘देणं’ आणि ‘दाखवणं’ यांत रेघ स्पष्ट नसली की असं होतं. म्हणून शब्द जपून वापरा म्हणतो.

लातूरची ताई:
मी चार वर्षं शालेय मॅचला कडेला उभी राहिलेय, म्हणून थोडं सांगते. तुम्ही सगळे ‘झेंडा वर केला’ म्हणताय, पण झेंड्याची भाषा वेगळीच आहे. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत आपण चालत राहायचं, नजर त्याच्यावर, आणि चेंडू मारल्याचा आवाज कानानं टिपायचा. कारण ऑफसाइड पास निघतो त्या क्षणी बघायचा असतो, पोचतो तेव्हाचा नाही. मग झेंडा सरळ वर. पंचानं शिट्टी दिली की झेंडा खाली आणायचा, पण कुठवर ते खेळाडू कुठं होता त्यावर. पलीकडच्या बाजूचा असेल तर तिरका वर, मधला असेल तर आडवा, माझ्या जवळचा असेल तर तिरका खाली. तीन उंच्या, तीन अर्थ. आणि शिट्टी आलीच नाही, पंचानं हातानं ‘राहू दे’ केलं, तर गुपचूप झेंडा खाली घ्यायचा. माझा कितीदा खाली घेतलाय. म्हणून ‘दिला’ नाहीच. मी कधीच काही दिलं नाही.
आणि एक. मला पोरं ‘लाइनमन मॅडम’ म्हणायची. एकदा गावातल्या एका आजीनं विचारलं, ‘तू लाइनमन? मग आमच्या गल्लीचा डीपी कवा दुरुस्त करणार?’ १९९६ ला नाव बदललं त्यामागं हेही कारण होतंच, ‘मन’ काढून टाकायचं. २०२२ च्या विश्वचषकात १ डिसेंबरला जर्मनी-कोस्टारिका मॅचला मध्ये मुख्य पंच फ्रापार आणि दोन्ही कडांना बायकाच होत्या. तेव्हा कसलं लाइनमन? रेषापंच हा शब्द मला त्यासाठी आवडतो, त्यात बाई-पुरुष काही नाही.

ओसरी:
ताई, ‘पंच’ पुल्लिंगीच आहे. ‘रेषापंच आली’ म्हणून बघा, जमत नाही.

लातूरची ताई:
मी आले तेव्हा जमलं होतं.

चुना-सिमेंट:
त्याच १ डिसेंबरच्या रात्री दुसरी मॅच जपान-स्पेन. जपानच्या मितोमानं चेंडू बाहेर जाता जाता आत ओढला आणि तनाकानं ढकलला. बाजूनं घेतलेल्या फोटोत चेंडू चक्क बाहेर, वरून घेतलेल्यात रेषेच्या वर नखभर. व्हिडिओ बघून गोल कायम ठेवला, जपान जिंकला आणि जर्मनी जिंकूनही घरी गेली.
आमच्या वडिलांचा गवंडीकामाचा धंदा. त्यांना मी फोटो दाखवला, म्हटलं, आप्पा, आत का बाहेर? ते म्हणाले, ‘ओळंबा सोड.’ मला कळेना. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, दोरी चेंडूच्या कडेला धरल्यासारखी केली. ‘चेंडूच्या पोटाच्या मैदानाकडच्या टोकापासून ओळंबा सोडला आणि तो रेषेवर टेकला तर आत. चेंडू जमिनीला कुठं टेकलाय ते कशाला बघतोस? भिंत बी पायापासून मापत नाहीत.’ फुटबॉलचा नियम त्यांना ठाऊक नाही, पण ‘संपूर्ण चेंडूनं संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे’ याचा याहून सोपा अर्थ मी कुठं वाचला नाही. तेव्हा ‘रेषेबाहेर’ या शब्दाऐवजी ‘ओळंब्याबाहेर’ असं लिहावं असं माझं मत.

निवृत्त मास्तर:
चांगलं आहे, पण त्याचा ऑफसाइडशी संबंध काय?

चुना-सिमेंट:
संबंध नाही. आठवलं म्हणून सांगितलं.

आमखासवाला:
संबंध आहे. क्रिकेटवाल्यांनी आपली भाषा बिघडवलीय. तिकडं क्रीझच्या रेषेवर बॅट म्हणजे बाद. फुटबॉलमध्ये रेषा मैदानाचाच भाग, तिच्यावरचा चेंडू खेळात. ‘रेषेवर होता’ हे वाक्य दोन खेळांत उलट्या अर्थाचं.
आणि दोहाचं कुणी काढलं नाही अजून. ११ जून २०२४, भारत-कतार. आपल्या छांगतेच्या गोलनं आपण पुढं. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला, तो मागं ओढला आणि कतारच्या आयमननं गोल केला. व्हिडिओची सोय त्या मॅचला नव्हती. तिथं ओळंबाही लागला नसता. पंचांनी नाही पाहिलं, कडेच्यांनी नाही पाहिलं. आपण २-१ हरलो आणि विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीला मुकलो. त्या रात्री माझ्या तोंडून जे शब्द निघाले त्यांची चर्चा इथं करता येणार नाही.

ओसरी:
मूळ मुद्दा ‘रेफरी’चा आहे आणि तो कुणी मांडला नाही. जुन्या काळी दोन्ही संघांचा एकेक अंपायर मैदानात असे. त्यांचं पटलं नाही की मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडं ते प्रकरण ‘रेफर’ करायचे, म्हणून तो रेफरी. १८९१ मध्ये रेफरी आत आला आणि अंपायर रेषेवर गेले, त्यांचे लाइनमन झाले. म्हणजे खरा पंच रेषेवरचाच! आतला तो ‘लवाद’. मराठीत रेफरीला लवाद म्हणावं.

निवृत्त मास्तर:
खो-खोत पंच आणि सरपंच आहेतच. रेफरीला सरपंच म्हणा. लवाद कशाला?

उदगीरचा पाहुणा:
सरपंचानं ऑफसाइड दिला? आमच्या गावात हे रोजच चालतं, शिट्टी नसती तेवढंच. आणि चेंडूच्या पुढं जाऊन फुकट उभा राहतो त्याला आम्ही पुढारी म्हणतो. ऑफसाइडला हा शब्द घ्या, बाकीचं सोडा.

गोदाकाठ:
मंडळी, अर्ज उद्या द्यायचाय. रेषापंच ठेवू का साहाय्यक पंच? आणि ‘दिला’च्या जागी ‘दाखवला’ का ‘झेंडा उभारला’? आता पुतण्या वेगळंच सांगायलाय. म्हणतो, ‘काका, त्याच्या हातात झेंडा नव्हताच. झेंडा आणायचा राहिला होता. त्यानं खिशातून दस्ती काढून हलवली.’ मी तर झेंडा लिहून बसलोय.

लातूरची ताई:
दस्ती! किती दिवसांनी ऐकला हा शब्द. आई शाळेत जाताना फ्रॉकला पिन लावून द्यायची.

ओसरी:
अर्जात दस्ती लिहू नका. मराठवाड्याबाहेर कुणाला कळणार नाही. रुमाल लिहा.

उदगीरचा पाहुणा:
रुमाल म्हणजे डोक्याला बांधतो तो. पाच हात कपडा घेऊन कडेला कसा हलवील माणूस? दस्तीच लिवा.