आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट वाचवायच्या आहेत, मदत हवी आहे

आमचे आजोबा नुकतेच गेले. त्यांचं कपाट आवरताना जुन्या ऑडिओ कॅसेट सापडल्या. आम्हा नातवंडांना ते गोष्टी सांगत, त्या त्यांनी टेप करून ठेवल्या होत्या. प्रत्येक कॅसेटवर त्यांच्याच तिरप्या अक्षरात गोष्टीचं नाव. एक लावून पाहिली. आवाज दबका येतो, मध्येच फीत ओढली जाते, पण "हं, कुठवर आलो होतो आपण?" हे अगदी स्पष्ट ऐकू आलं. आजी तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती.

मग मीच थांबवलं. जुन्या फितीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो आणि प्लेअर बिघडलेला असेल तर फीत आत गुंडाळते, ही धास्ती.

कॅसेटवरचा आवाज लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं काम कुणी घरी केलंय का? ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर मला वापरता येतं. पण लॅपटॉपचा माइक इनपुट बहुधा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, मग यूएसबी ऑडिओ इंटरफेस (प्लेअरचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) घ्यावा का? प्लेअरचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर पुरे, की आतला रबरी बेल्टही बदलावा? मूळ प्रत वेव्ह (WAV) फाइलमध्येच ठेवणार आहे. खरखर थोडी राहिली तरी चालेल, आवाज त्यांचाच वाटला पाहिजे.

आजीचं वय झालंय, जरा लवकर सांगाल तर फार बरं होईल.