फोटोआधी झाडांची नोंद व्हावी
आपल्या गुलाब मंडळाच्या दिवंगत सभासदांचे फोटो हॉलमध्ये लावावेत, अशी सूचना इथे आली आहे, ती पटली. पण त्यांच्या हातची झाडं अजून फुलताहेत, त्यांची नोंद आधी व्हावी. गंगापूर रोडच्या एका काकांनी मला डोळा भरायला, म्हणजे हव्या त्या गुलाबाचा अंकुर दुसऱ्या झाडावर कलम करायला शिकवलं. खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम करायचं त्या मुळं असलेल्या झाडाच्या, सालीवर टी आकाराचा काप, त्यात डोळा अलगद सरकवायचा, पट्टी घट्ट गुंडाळायची, डोळा मात्र मोकळा. ऑक्टोबरची छाटणी झाली की फुलं कधी येतील यासाठी ते कॅलेंडरवर ४५ दिवस मोजून खूण करत.

ते गेल्यावर काकूंनी त्यांची कात्री माझ्या हातात ठेवली, मुठीवरचं रबर त्यांच्या अंगठ्याने झिजलेलं. काकांनी डोळा भरलेला 'पीस' गुलाब माझ्या गच्चीत आहे, १९४५ साली बाजारात आलेला फ्रेंच वाण, पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कड. छाटणीला डोळे काढून ठेवीन, ज्यांना हवेत त्यांनी खुंट तयार ठेवा.