मुलगा रोज पुलावर उभा राहून इंजिनांचे नंबर लिहितो. यात असतं काय?

जुळे_सोलापूरची_आई:

नमस्कार मंडळी. माझा मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. दोन वर्षांपासून त्याला रेल्वेचं वेड लागलंय. नुसते व्हिडिओ बघत बसला असता तर मी इथे लिहिलं नसतं. शाळा सुटली की सायकल काढतो आणि रुळांवरच्या पुलावर जाऊन उभा राहतो. दोनशे पानी वहीत तारीख, वेळ, गाडी, इंजिनाचा नंबर, डबे किती, मालगाडी असेल तर माल कसला, सगळं लिहितो. आता तिसरी वही चालू आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावतो, वंदे भारत आणि हुतात्मा सुटताना बघायच्या म्हणून. हाच मुलगा शाळेला जायचं म्हटलं की तीनदा हाका मारल्याशिवाय उठत नाही.

अभ्यासात मध्यम आहे. मार्क कमी झाले नाहीत, वाढलेही नाहीत. माझे दीर म्हणतात, वह्या काढून घे, चार दिवस रडेल आणि विसरेल. यावरून घरात दोनदा वाद झाला. मागच्या आठवड्यात जेवताना मी विचारलं, अरे, रोज त्याच गाड्या, त्याच वेळेला, बघतोस तरी काय? तर म्हणाला, "आई, रोज तीच नसते गं." पुढे त्याला काही सांगता येईना. भाकरी मोडत बसला.

मला खरंच समजून घ्यायचंय. ज्यांना हा नाद आहे किंवा होता त्यांनी सांगा. आणि पुलावर एकट्याला पाठवणं बरोबर आहे का?

होटगी_जंक्शन:

ताई, वह्या काढून घेऊ नका. आधी एवढंच.

माझा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. लहानपणी आम्ही होटगीला राहायचो. तेव्हा गदगकडची लाईन मीटरगेज होती, गोलगुंबझ एक्सप्रेस त्याच लहान रुळावरून धावायची. मोठ्या लाईनची गाडी आली की जमिनीतून आवाज यायचा, मीटरगेजची आली की हवेतून. डोळे मिटून ओळखायची आमची पैज लागायची. आज कारखान्यात सगळे माग चालू असताना एखाद्याचा धोटा नीट बसत नसेल तर मला दारातून कळतं. हा कान मला होटगीच्या फलाटावर मिळाला असं मी मानतो.

आपल्या एका सोलापूर जिल्ह्यात तीन मापांचे रूळ होते, बघा की. दोन रुळांमधलं अंतर मोठ्या लाईनचं १६७६ मिलिमीटर, होटगीचं १०००, कुर्डुवाडीचं ७६२. त्या तिसऱ्या लाईनबद्दल कुर्डुवाडीचं कोणी असेल तर लिहा.

कुर्डुवाडीकर:

आहे, लिहितो. ताई, "रोज तीच नसते" हे तुमच्या मुलाचं वाक्य वाचून उठलो आणि घरात दोन फेऱ्या मारून परत येऊन बसलो. लांबेल थोडं, सवडीने वाचा.

मी ६२ वर्षांचा, सोलापुरात बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नॅरोगेजला, म्हणजे अरुंद रुळांच्या लाईनला, फिटर होते. आमच्याकडे त्या लाईनला सगळे बार्शी लाईट म्हणायचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रूळ टाकून ती बांधली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. कुर्डुवाडी स्टेशनचं नावच तेव्हा बार्शी रोड होतं. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की रूळ अरुंद आणि हलके असले तरी बिघडत नाही, फक्त इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर भार यायला नको. वजन सारखं वाटून दिलं की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. ते खरं ठरलं. लाईन एकीकडे लातूरला आणि दुसरीकडे पंढरपूरहून थेट मिरजेला पोचली. इथला अनुभव गाठीशी घेऊन याच माणसाने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन उभी केली, ती १९०४ मध्ये सुरू झाली, मापही आपलंच. ती १९३४ मध्ये बंद पडली. आपली त्यानंतर सत्तर वर्षं चालली. हे मुलाला नक्की सांगा.

आता माझी गोष्ट. ७२-७३ साल असेल, कोळशाची इंजिनं होती. एका रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. बाहेर गाडीने शिट्टी दिली आणि निघाली. वडिलांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, काय झालं? वडील म्हणाले, "डाव्या बाजूला वाफ गळतीय." आम्हा पोरांना नेहमीसारखाच छुक-छुक आवाज आला होता. वडिलांनी ताटाच्या कडेवर बोटाने ठेका धरून दाखवला: एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. मग म्हणाले, आता तिसरा नीट ऐका. गाडी वेशीबाहेर गेली होती तरी आवाज येत होता. चारातला तिसरा ठोका फुसका होता. दोन दिवसांनी तेच इंजिन वर्कशॉपला आलं.

गाडी तीच, वेळ तीच. तरी कालची नव्हती. तुमच्या मुलाला भाकरी मोडताना जे सांगता आलं नाही ते हेच असावं, असं मला वाटतं.

पण ताई, मी एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही. ती गाडी कायमच राहणार असं वाटायचं. आषाढीला पंढरपूरच्या गाडीला माणसं मुंग्यांसारखी चिकटलेली असायची, आम्ही पोरं मोजायला जायचो आणि मोजता मोजता सोडून द्यायचो. पुढे रूळ रुंद झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लातूरचा माणूस आज एका गाडीत बसून मुंबईला उतरतो, ते हवंच होतं. पण मागच्या वर्षी नातीने विचारलं, आजोबा, त्या गाडीला डबे किती असायचे? मला सांगता येईना. वडील असते तर त्यांना विचारलं असतं. त्यांच्याबरोबर वर्कशॉपला असलेली माणसंही आता राहिली नाहीत. म्हणून तुमच्या पोराच्या तीन वह्या मला फार मोलाच्या वाटतात. आपल्या लाईनवरच्या डिझेल इंजिनांचंच बघा. पुणे शेडची जुनी अल्को (मूळ अमेरिकन कंपनीच्या बनावटीची) इंजिनं जोडीने चढाला लागली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. दौंड ते वाडी विजेच्या तारा ओढल्या गेल्या आणि चार-पाच वर्षांत तो आवाज इथून जवळजवळ गेला. कोणी लिहून ठेवलाय?

आता "यात असतं काय" याचं सरळ उत्तर. त्याच्याबरोबर एकदा प्रवास करा आणि पुढच्या गोष्टी करून बघा.

खिडकीतून किलोमीटरचे दगड दिसतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्याने भागायचं. ३६ सेकंद लागले तर ताशी १०० किलोमीटर. पूर्वी रूळ १३ मीटरचे असायचे आणि प्रत्येक सांध्यावर खट् व्हायचं. ४७ सेकंदात जितके खट्, तितका ताशी वेग. हे मला वडिलांनी मोठ्या लाईनच्या गाडीत शिकवलं आणि गुणाकार करून पडताळा घ्यायला लावला. आता रूळ लांबच लांब जोडलेले असतात, ते खट् फारसं ऐकू येत नाही.

विजेच्या तारांचे खांब असतात, त्यांवर आकडे असतात. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधला खांब कितवा त्याचा. आपल्याकडे हे किलोमीटर मुंबईपासून मोजलेले आहेत, सोलापूर स्टेशन ४५५ च्या आसपास येतं. रात्री मुंबईच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये जाग आली आणि बाहेर काळोख असला तरी एका खांबावर उजेड पडला की आपण कुठे आहोत ते कळतं. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बांधला ते साल. इंजिनावरची अक्षरंही वाचायची असतात: डब्ल्यू म्हणजे मोठी लाईन, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल. डब्ल्यूएपी-७ म्हटलं की पोराच्या डोळ्यांपुढे काय येतं ते त्यालाच विचारा.

आणि यातून इतिहास आपोआप येतो. मुंबईला जाताना मला कायम प्रश्न पडायचा की परतीच्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं का लावतात. शोधत गेलो तर कळलं, बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. मग आणखी कळलं की रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये आली, म्हणजे मुंबई-ठाणे गाडीनंतर सातच वर्षांनी, आणि घाटातली लाईन खुली झाली १८६३ मध्ये. मधली तीन वर्षं सोलापूरहून निघालेला माल खंडाळ्याला उतरायचा, रस्त्याने घाट उतरायचा आणि खाली परत गाडीत चढायचा. कापसाचे गठ्ठे, बैल, ती उतरण, डोळ्यांपुढे आणा. त्याच घाटातून फेब्रुवारी २०२३ पासून आपली वंदे भारत मागच्या इंजिनांशिवाय चढते. तुमचा मुलगा पहाटे पाचला उठून जी गाडी बघायला जातो तिचं हे मोठेपण आहे.

दिरांना माझा नमस्कार सांगा. त्यांची काळजी खोटी नाही. पण वह्या राहू द्यात.

निवृत्त_लोको_पायलट:

ताई, वरच्या काकांनी मन लिहिलं, मी नियम लिहितो.

पुलावर उभं राहायला हरकत नाही, पण जाळीच्या आत. तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात. हात लागायलाच पाहिजे असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज ओढते. जाळीतून काठी, सेल्फी स्टिक, छत्री काहीही बाहेर काढायचं नाही. पतंगाचा मांजा अडकला असेल तर त्याला हात लावायचा नाही. रुळावर उतरायचंच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की विजेचं इंजिन आवाज न करता येतं. ताशी ११० ने चाललेली गाडी ब्रेक लावल्या लावल्या थांबत नाही, किलोमीटरभर जाते. कानात इयरफोन अजिबात नको. माझ्या नोकरीत जे बघितलं ते इथे लिहीत नाही, पण माझं ऐका.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे फलाट. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. पिवळ्या पट्टीच्या मागे बाकावर बसायचं. सुरुवातीला तुम्ही बरोबर जा.

आणि त्याला सांगा, गाडी गेली की वही लगेच मिटायची नाही. शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, ती बघायची. स्टेशनवरचा माणूसही तीच बघतो. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे एखादा डबा सुटून राहिलेला नाही.

पुलावरून हात करणारी पोरं आम्हाला केबिनमधून दिसतात. मी प्रत्येकाला हॉर्न दिलाय.

जुळे_सोलापूरची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी त्याच्याबरोबर स्टेशनवर गेले, दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. शेंगाची चटणी आणि भाकरी बांधून नेली होती. पावणेदोन तास बसलो. फुली मी त्याच्या आधी बघितली, तर म्हणाला, तुला कोणी सांगितलं?

मग त्याने वही माझ्या हातात दिली. आजवर मी ती लांबूनच बघत होते. सगळ्यात शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. बहुतेक ठिकाणी रिकामा. मालगाडीच्या एका इंजिनापुढे मात्र 'पुन्हा' लिहिलंय. बोटाने मागे मागे नेऊन त्याने मला पहिली नोंद दाखवली, दुसऱ्या वहीतली, चौदा महिन्यांपूर्वीची. त्या पानावरची शाई पसरलेली आहे. त्या दिवशी पाऊस होता आणि तो भिजून घरी आला म्हणून मी त्याला बोलले होते, ते मला आठवलं. हे इंजिन मधले चौदा महिने कुठे कुठे फिरलं असेल, असं तो मला विचारत होता आणि स्वतःच नावं घेत होता: वाडी, गुंतकल, भुसावळ, नागपूर.

कुर्डुवाडीकर काका, तुमची गोष्ट मी त्याला रात्री वाचून दाखवली. ताटावरचा ठेका त्याने चारदा वाजवून बघितला. त्याचा एक प्रश्न आहे: तिसरा ठोका फुसका होता त्या इंजिनाचा नंबर काय होता?

कुर्डुवाडीकर:

बाळा, नंबर मला आठवत नाही. पितळी पाटीवर होता, वडील रविवारी ती पाटी राखेने घासायचे एवढं आठवतं.

वडिलांची एक पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, हत्यारांची. तिच्यात तेलकट कागदांची एक पुडी आहे, ती मी कधी सोडली नाही. या आठवड्यात काढतो. ताई, येत्या रविवारी सकाळच्या हुतात्माने याला घेऊन कुर्डुवाडीला या, मी आदल्या दिवशीच गावाकडे जातोय, फलाटावर थांबतो. नॅरोगेजची गाडी उभी राहायची ती जागा दाखवतो आणि पुडी तिथेच सोडू. चौथी वही बरोबर आण म्हणावं.