कीकॅडमधली चिन्हं आणि झेरॉक्समधलं सर्किट जुळत नाहीये, ५५५ चं टाकीचं सर्किट काढतेय

आगरवाली_गुहागर

नमस्कार सगळ्यांना. आमचं गुहागरला आगर आहे, नारळ-सुपारी, खाली विहीर आणि वर चढावाला सिमेंटची टाकी. पंप लावला की टाकी भरेपर्यंत कोणीतरी वर जाऊन बघायला लागतं आणि अण्णांचे गुडघे आता चढउतार करण्यातले राहिले नाहीत, म्हणून टाकी रिकामी झाली की पंप आपोआप चालू आणि भरली की बंद असं काहीतरी करायचंय. एका जुन्या मासिकाच्या झेरॉक्सवर ५५५ या टायमर आयसीचं सर्किट मिळालंय, १२ व्होल्टवर चालतं, त्यात एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे. ते कीकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून छोटा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करून घ्यायचा विचार आहे. सोल्डरिंग मला चांगलं येतं, पण शिक्षण कॉमर्सचं, सर्किट डायग्राम वाचायला कोणी शिकवलेलं नाही.

आता अडलंय ते असं. झेरॉक्समध्ये रेझिस्टर नागमोडी रेघ आहे आणि कीकॅडमध्ये चौकोनी डबी येते, मग हे दोन वेगळे पार्ट आहेत का? ५५५ चे पाय आयसीवर १ ते ८ ओळीने आहेत पण चिन्हात ८ वर, १ खाली, ३ उजवीकडे असे कसेही पसरलेत, आणि ३ नंबरच्या पायावर क्यू लिहिलंय, क्यू तर ट्रान्झिस्टरला लिहितात ना? ग्राउंडची तर चार-पाच चिन्हं आहेत त्यातलं कुठलं घ्यायचं, आणि ती सगळी सुटी सुटी लटकलेली असतात, एकमेकांना वायर जोडायचीच नाही का? शेवटचं म्हणजे ईआरसी (कीकॅडमधली जोडणीची तपासणी) चालवलं की सगळं जोडलेलं असूनही पॉवर इनपुट पिन ड्रिव्हन नाही असं लाल लाल येतं. समजेल असं सांगा प्लीज, घाई नाही, पाऊस संपेपर्यंत वेळ आहे.

सोल्डर_काका (रत्नागिरी)

अगं छान काम घेतलंयस, नक्की होईल. आधी नागमोडी आणि डबी, दोन्ही रेझिस्टरच. नागमोडी ही अमेरिकन पद्धत आणि डबी ही आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाची, युरोपात जास्त चालते, आपल्याकडे दोन्ही दिसतात. कीकॅडच्या डिव्हाइस लायब्ररीत नुसतं आर म्हणजे डबी आणि आर_यूएस म्हणजे नागमोडी, झेरॉक्सशी ताडून बघायचंय तर नागमोडीच घे, बोर्डावर काही फरक पडत नाही. कपॅसिटरचं मात्र बघून घे, दोन सरळ पाट्या म्हणजे साधा, कसाही लावला तरी चालतो, आणि प्लसची खूण किंवा एक पाटी वाकडी असेल तर बहुतेक इलेक्ट्रोलिटिक, त्याला उलटसुलट आहे आणि उलटा लावला तर फुगतो, फुटतोही. किमतीत ४के७ दिसलं तर ते ४.७ किलोओहम, पॉइंट झेरॉक्समध्ये पुसला जातो म्हणून त्या जागी अक्षर लिहितात. तुझ्या झेरॉक्सवर ४७के आहे की ४.७के हे भिंगातून बघ, खरंच बघ, यात दहापट फरक पडतो.

आता ५५५. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. सर्किटचं चित्र म्हणजे एसटीच्या डेपोतला मार्गाचा फलक, कुठल्या गावानंतर कुठलं गाव ते सांगतो, घाटातली वळणं दाखवत नाही. चिन्हात पाय कुठे काढलाय त्याला अर्थ इतकाच की वाचायला सोपं जावं, म्हणून सप्लाय वर, ग्राउंड खाली, आत येणारं डावीकडे आणि बाहेर जाणारं उजवीकडे. खरा पाय कुठला ते पायावर लिहिलेला आकडा सांगतो, बाकी काही नाही. क्यू म्हणशील तर आयसीच्या आत लिहिलेलं अक्षर हे त्या पायाचं काम असतं आणि डिजिटल आयसीत आउटपुटला क्यू म्हणायची रीत आहे. चिन्हाच्या बाहेर क्यू१ लिहिलं तर तो पार्टचा नंबर, म्हणजे पहिला ट्रान्झिस्टर. तसंच आतलं आर म्हणजे रिसेट आणि बाहेरचं आर१ म्हणजे रेझिस्टर. आत काम, बाहेर नाव.

तुझं सर्किट ओळखीचं वाटतंय म्हणून पायांची कामंही सांगून ठेवतो. पाय २ चं व्होल्टेज सप्लायच्या एक तृतीयांशाखाली गेलं, म्हणजे १२ वर ४ व्होल्टच्या खाली, की पाय ३ वर जातो, आणि पाय ६ दोन तृतीयांशाच्या वर म्हणजे ८ व्होल्टच्या पुढे गेला की पाय ३ खाली येतो, मधल्या वेळात आहे तसाच राहतो. म्हणून खालचा सेन्सर २ ला आणि वरचा ६ ला. पाणी मध्ये कुठेतरी असताना पंप चालूबंद चालूबंद करत नाही तो यामुळेच. हे कळलं की चित्रातली प्रत्येक रेघ का आहे ते तुझं तुलाच दिसायला लागेल.

मालवण_पीसीबी

प्रश्न बरो आसा तुझो, डिप्लोमाच्या पोरांना मी हेच दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी सगळे ग्राउंडवरच अडकतात.

कीकॅडमध्ये पॉवरच्या चिन्हाचा आकार बघायचा नाही, नाव बघायचं. जीएनडी नावाची जितकी चिन्हं पानावर असतील ती सगळी आपोआप एकमेकांना जोडलेली, वायर ओढायची गरज नाही. +१२व्ही चंही तसंच. पण एका ठिकाणी जीएनडी टाकलं आणि दुसरीकडे अर्थ टाकलं तर दिसायला दोन्ही ग्राउंड असले तरी कीकॅडच्या लेखी त्या दोन वेगळ्या तारा, बोर्डावर जोडल्या जाणार नाहीत. अर्थ म्हणजे जमिनीत गाडलेल्या पट्टीचं अर्थिंग, जीएनडीए हे अॅनालॉग भाग वेगळा ठेवायचा असेल तेव्हा. तुला सगळीकडे नुसतं जीएनडी, दुसरं काही घेऊच नको.

ईआरसीचं लाल येतं कारण तुझा सप्लाय स्क्रू टर्मिनलमधून येतोय आणि टर्मिनलचे पाय पॅसिव्ह प्रकारचे असतात, त्यातून वीज येतेय हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नाही. ५५५ चे पाय १ आणि ८ पॉवर इनपुट आहेत, ते विचारतात आम्हाला पुरवतंय कोण. त्यावर पीडब्ल्यूआर_फ्लॅग नावाचं चिन्ह आहे, एक +१२व्ही च्या तारेला आणि एक जीएनडीला लाव की दोन्ही एरर जातील. त्याचा बोर्डावर पार्ट येत नाही. पाय ७ तुझ्या सर्किटात रिकामा असेल तर तोही ओरडेल, तिथे क्यू दाबून नो कनेक्टची फुली मार, म्हणजे मुद्दाम सोडलाय हे वाचणाऱ्यालाही कळतं. पाय ४ मात्र मोकळा सोडू नको, तो रिसेट आहे, +१२व्ही ला जोड. पाय ५ वरून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यावर १०३ छापलेलं असतं.

आणि ठिपके बघ! दोन वायरी एकमेकींवरून गेल्या आणि ठिपका नसेल तर त्या जोडलेल्या नाहीत. टी आकारात जोडलंस तर ठिपका आपोआप येतो. चार रेघा एका ठिपक्यात आणू नको, प्रिंटमध्ये ठिपका आला नाही तर कोणाला कळणार, थोडं सरकवून दोन टी कर. पायाच्या टोकाला बारीक गोल दिसतोय तोवर तो पाय सुटाच आहे, वायर लागली की गोल जातो. ग्रिड ५० मिल म्हणजे १.२७ मिमी वर ठेव आणि ती बदलू नको, वायर लागली असं वाटतं पण केसभर लांब असते, हे बहुतेक वेळा ग्रिड बदलल्यामुळे होतं.

आगरवाली_गुहागर

काका, ताई, खूप खूप आभार, ईआरसी आता शून्यावर आलंय!! भिंगातून बघितलं, ४.७के च आहे. अजून दोन शंका. टाकीतले सेन्सर बोर्डावर नसणार, मग ते चित्रात कसे दाखवायचे? आणि ट्रान्झिस्टर आणि रिलेच्या चिन्हावरून खरे पाय कसे ओळखायचे, रिलेच्या चिन्हात तर एक डबी, एक तिरकी रेघ आणि वेगळाच स्विच आहे.

दापोलीचा_वायरमन

जे बोर्डाच्या बाहेर आहे त्याच्या जागी कनेक्टरचं चिन्ह टाकायचं, दोन पायांचं स्क्रू टर्मिनल, आणि शेजारी टेक्स्ट लिहायचं "खालचा सेन्सर". झेरॉक्समध्ये पाण्यात उघड्या तारा सोडल्या असतील तर त्याच्याऐवजी फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालूबंद होणारा) घे असं मी सांगेन, डीसी सप्लायवर पाण्यातली प्लसची तार झिजत जाते. सर्किट तेच राहतं.

बीसी५४७ कीकॅडमध्ये नावानेच शोध, नुसता एनपीएन घेऊ नको. चिन्हात बाणवाला पाय एमिटर, बाण बाहेर म्हणजे एनपीएन, ते सगळ्यांना सारखंच, पण प्लॅस्टिकच्या अंगावर क्रम प्रत्येकाचा वेगळा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर, बरोबर उलटं. दोघांचं चिन्ह एकच आणि खोकंही एकच, म्हणून दुकानदाराने "हा पण चालतो" म्हणून दुसरा दिला तर आधी डेटाशीट उघड आणि मग लाव. चिन्हावरून ताकदही कळत नाही. बीसी५४७ १०० मिलीअँपपर्यंत. १२ व्होल्टच्या साध्या निळ्या रिलेची कॉइल ४०० ओहमच्या आसपास म्हणजे ३० मिलीअँप, आरामात चालेल. तोच रिले ५ व्होल्टचा असता तर ७० मिलीअँपच्या पुढे गेला असता, मग मी बीसी३३७ लावला असता, त्याचे पायही याच क्रमाने.

रिलेमधली डबी म्हणजे कॉइल, आणि स्विच नेहमी कॉइलला वीज नसतानाच्या स्थितीत काढलेला असतो. त्या स्थितीत कॉमनला टेकलेला पाय एनसी, सुटा असलेला एनओ. पंपासाठी कॉमन आणि एनओ वापर, म्हणजे सर्किट बंद पडलं तरी पंप बंदच राहील. कॉइलच्या दोन टोकांमध्ये १एन४००७ डायोड असायलाच हवा, चिन्हात आडवी रेघ असलेली बाजू +१२व्ही कडे, आणि खऱ्या डायोडवर तीच बाजू पांढऱ्या पट्ट्याची. झेरॉक्समध्ये नसेल तरी तू टाक, नाहीतर रिले सुटताना कॉइलचा झटका ट्रान्झिस्टरला बसतो.

आता जे चिन्हात दिसत नाही ते. कागदावर २३० व्होल्टची रेघ आणि १२ व्होल्टची रेघ दिसायला सारखीच, बोर्डावर मात्र त्यांच्यात निदान ६ मिमी मोकळी जागा ठेव. या छोट्या रिलेतून थेट पंप चालवू नको, मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते आणि रिलेच्या आतले पॉइंट एकमेकांना चिकटतात, मग टाकी भरली तरी पंप थांबणार नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोठा करंट झेपणारा रिलेच) कॉइल चालव आणि कॉन्टॅक्टरने पंप. तेवढं २३० चं जोडकाम तुमच्या ओळखीच्या वायरमनकडून करून घे, अण्णा आणि तू त्याला हात लावू नका. बोर्ड तयार झाल्यावर दोन्ही बाजूंना कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) मार, टर्मिनल आणि रिले सोडून, आपल्या खाऱ्या हवेत उघडा बोर्ड पावसाळ्यात लगेच हिरवा पडतो.

आणि फाइल बनवायला पाठवायच्या आधी बोर्डाचं प्रिंट कागदावर शंभर टक्के स्केलने काढ, जाड पुठ्ठ्यावर ठेव आणि सगळे पार्ट त्यात खोचून बघ. रिलेचे पाच पाय भोकांत सरळ गेले नाहीत तर फूटप्रिंट (बोर्डावरचा भोकांचा आराखडा) दुसऱ्या रिलेचा आहे, तो बदल. ५५५ चा खाच असलेला भाग आणि पाय १ चा चौकोनी पॅड एका बाजूला येतोय ना तेही बघ. पार्ट खोचल्यावर वरून एक फोटो काढून इथे टाक, मी आणि काका दोघेही बघू, मग ऑर्डर दे.