उन्हाळ्यातले लिंबूपाणी: घरात कुणाला, केव्हा आणि कसे करून द्यावे?

प्रश्न (गृहिणी, पाचोरा तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी सध्या लिंबूपाण्यावरून तीन प्रश्न उभे राहिले आहेत आणि तिन्हींना एकच उत्तर लागू पडेल असे वाटत नाही, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

माझे सासरे (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो) 64 वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीपासून ते रात्री तांब्याच्या लोट्यात पाणी भरून त्यात एक लिंबू पिळून ठेवतात आणि पहाटे ते पाणी गरम करून, मध घालून उपाशीपोटी पितात. त्याने शरीर आतून साफ होते आणि पोट उतरते, असे त्यांना कुणीतरी सांगितले आहे. सकाळी लोटा आतून लख्ख, तांबूस दिसतो आणि त्यालाच ते पुरावा मानतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना मुतखड्याचा त्रास झाला होता. अलीकडे गार पाणी पिताना दात शिवशिवतात, अशीही त्यांची तक्रार आहे.

दुसरा प्रश्न माझ्या नणंदेचा. ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येते आहे. तिचे हिमोग्लोबिन 9 आले असून लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. लिंबाने लोह अंगी लागते असे ऐकले, पण मग ते केव्हा घ्यावे?

तिसरा प्रश्न शेतातल्या मजुरांचा. वैशाखात आमच्याकडे पारा 44 च्या वर जातो आणि केळीच्या बागेतले काम तर थांबवता येत नाही. मागच्या वर्षी एका मावशींना बांधावरच चक्कर आली. आम्ही घाईने साखर घालून लिंबूपाणी दिले, थोड्या वेळाने त्या सावरल्या, पण त्यांना नेमके काय कमी पडले होते हे मला आजही समजलेले नाही. या वर्षी मला आधीपासून नीट तयारी ठेवायची आहे.

उत्तर (आहारतज्ज्ञ, धुळे)

ताई, सर्वांत आधी तो लोटा बदला, कारण बाकीचे सगळे सावकाश केले तरी चालेल. लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असते. देवघरातली तांब्याची भांडी आपण लिंबाने घासतो तेव्हा जे घडते, तेच त्या लोट्यात रात्रभर घडत असते. तांब्यावरचा काळपट थर आम्लात विरघळतो, लोटा लख्ख होतो आणि विरघळलेले तांबे आबांच्या पोटात जाते. त्याने मळमळ, पोटदुखी होऊ शकते. शिवाय तांब्याच्या संपर्कात क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते आणि उरलेसुरले पहाटेच्या गरम करण्याने आणखी घटते. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवायला हरकत नाही. लिंबू, ताक, चिंच यांना मात्र काच, स्टील किंवा मातीचेच भांडे हवे.

शरीर आतून साफ करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात आणि त्यासाठी त्यांना पुरेसे पाणी लागते. लिंबाने चरबी वितळत नाही. सकाळच्या गोड चहाऐवजी बिनसाखरेचे लिंबूपाणी घेतले तर तेवढी साखर वाचते, हा फायदा खरा आहे, पण आबा त्यात मध घालतात आणि एका मोठ्या चमचाभर मधातून साठ-बासष्ट कॅलरी मिळतात, म्हणजे तो फायदाही हातचा जातो. त्यांना मधुमेह असेल तर मध साखरेइतकाच जपून घ्यावा.

आता मुतखड्याविषयी. लिंबाचा येथे खराच उपयोग आहे, पण तो कसा होतो ते समजून घेतले पाहिजे. लघवीतले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे खड्याचे स्फटिक सहजासहजी जमत नाहीत, आणि लिंबाच्या रसातून सायट्रेट मिळते. ज्या अभ्यासात याचा परिणाम दिसला, त्यात दिवसाला सुमारे 120 मिलीलीटर रस दोन लिटर पाण्यातून दिला होता, म्हणजे आपली पाच-सहा कागदी लिंबे झाली. एका लिंबाकडून तेवढी अपेक्षा करू नये, आणि तयार झालेला खडा त्याने विरघळेल असेही समजू नये. खड्याचा इतिहास असलेल्या माणसाला दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात जाणे सर्वांत महत्त्वाचे आहे. आपल्या खानदेशातल्या उन्हात, घामावाटे इतके पाणी निघून जात असताना, त्यासाठी तीन-चार लिटरही पाणी प्यावे लागते. आबांना साधे पाणी जात नसेल आणि लिंबू पिळल्याने जात असेल, तर लिंबाने मोठेच काम केले म्हणायचे. मात्र त्यांच्या पाण्यात मीठ घालू नका. जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम अधिक बाहेर पडते आणि खड्याला निमंत्रण मिळते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाणही डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

नणंदबाईंसाठी लिंबू उपाशीपोटी नको, जेवणात हवे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याला शोषता येईल अशा रूपात आणते, पण त्यासाठी दोन्ही एकाच वेळी पोटात असावी लागतात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मेथीची भाजी, वरण असे ताट वाढले की त्यावरच अर्धे लिंबू पिळावे, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा, कारण चहातले टॅनिन याच्या नेमके उलट काम करते. एका लिंबातून क जीवनसत्त्व साधारण दहा मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. प्रौढ स्त्रीची रोजची गरज 65 मिलिग्रॅम मानली जाते, त्यामुळे पेरू, आवळा यांची जागा लिंबू घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तर मुळीच थांबवू नयेत.

मजुरांच्या बाबतीत तुमच्या हातून योग्यच गोष्ट झाली होती. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात. नुसते पाणी ढोसले तर मिठाची तूट भरत नाही, आणि आतड्यात मीठ शोषले जाताना थोडी साखर बरोबर असली की दोन्ही वेगाने आत जातात, मागोमाग पाणीही जाते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. घरगुती प्रमाण असे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. एका लिंबाचा रस चवीसाठी घाला, म्हणजे माणूस ते आवडीने पितो. मीठ अंदाजाने टाकू नये, चमचा सपाट करूनच घ्यावे. जुलाब असतील तर मात्र औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडीच वापरावी.

एक गोष्ट कळकळीने सांगते. माणूस बरळत असेल, शुद्ध हरपत असेल, अंग तापून कोरडे पडले असेल, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसाच्या तोंडात लिंबूपाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वेळ न दवडता दवाखान्यात न्या.

उत्तर (लिंबू बागायतदार, चोपडा तालुका)

वरच्या ताईंनी सगळे नीट सांगितले आहे, मी फक्त करण्याच्या पद्धतीविषयी लिहितो.

लिंबू पातळ सालीचे आणि हाताला जड लागणारे घ्यावे. उन्हाळ्यात लिंबे महाग होतात, कारण या दिवसांत फळ हाती येण्यासाठी हस्त बहार (पावसाळा संपताना येणारा फुलोरा) धरावा लागतो आणि तो साधणे सोपे नसते. म्हणून घेतलेल्या लिंबाचा थेंबही वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते. कापण्यापूर्वी लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून चार-पाच वेळा फिरवावे, आतल्या फोडी मोकळ्या होऊन रस पुरता उतरतो. आडवे कापून बिया सुरीच्या टोकाने काढाव्यात आणि हलक्या हाताने पिळावे. बी चिरडली किंवा साल रगडली गेली की सरबत कडवट होते, आणि हा कडवटपणा लगेच कळत नाही, तासाभराने जाणवतो.

पाण्यात आधी साखर आणि मीठ पूर्ण विरघळवून घ्यावे व रस शेवटी, प्यायच्या वेळी घालावा. आमच्याकडे माठात वाळ्याची जुडी टाकलेली असते. त्या पाण्याला बर्फाची गरजच पडत नाही. एका पेल्याला अर्धे लिंबू, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे पुरते. भिजवलेला सब्जा किंवा चुरडलेला पुदिना आवडीप्रमाणे घालावा. गूळ वापरायचा असेल तर तो आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात खडे-कचरा निघतो.

पिळून झाल्यावर हात साबणाने धुवूनच उन्हात जावे, हे मजुरांनाही सांगा. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर कडक ऊन लागले की भाजल्यासारखे डाग किंवा फोड येतात. माझ्या मनगटावर असा डाग दोन महिने राहिला होता.

उत्तर (दंतवैद्य, जळगाव)

आबांचे दात शिवशिवण्याचे कारण बहुधा हेच पाणी असावे. दातावरचे कठीण आवरण आम्लात झिजते आणि एकदा झिजलेले पुन्हा तयार होत नाही. लिंबूपाणी घोट घोट करत अर्धा तास पिण्यापेक्षा एका बैठकीत संपवावे, लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी आणि पुढचा तासभर दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले आवरण ब्रशने खरवडले जाते. घासायचे असतील तर ते पिण्यापूर्वी घासावेत. छातीत जळजळ, आंबट ढेकर असा त्रास असेल तर उपाशीपोटी घेणे बंदच करावे. एकदा दात दाखवून घ्यावेत हे उत्तम.

प्रश्नकर्त्या ताई

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. लोट्याचे कारण आबांना समजावून सांगितले. त्यांनी स्वतः लोट्यात बोट फिरवून पाहिले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि आज सकाळी स्टीलच्या पेल्यात, मध न घालता, न्याहारीनंतर अर्धे लिंबू घेतले. मजुरांसाठी पाच लिटरच्या कॅनवर खूण करून तीस चमचे साखर आणि अडीच चमचे मीठ असा हिशेब चिकटवून ठेवला आहे. एकच विचारायचे राहिले. आखाजीला घर भरलेले असेल, दर वेळी लिंबे पिळणे जमणार नाही. पाक करून ठेवला तर चालतो का?

लिंबू बागायतदार, चोपडा तालुका

चालतो, ताई. अर्धा किलो साखरेत ती बुडेल एवढेच पाणी घालून एकतारी पाक करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पाकात रस घातला तर चव उतरते आणि क जीवनसत्त्वही जाते. गार झाल्यावर त्यात गाळलेला एक वाटी रस मिसळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा व फ्रिजमध्ये ठेवा. आठ-दहा दिवस चांगला राहतो. पेल्याला दोन मोठे चमचे पुरतात. मीठ बाटलीत घालू नका, ज्याच्या त्याच्या पेल्यात घाला, म्हणजे आबांचा पेला आपोआप वेगळा राहील. फक्त हा पाक साखरेचाच आहे, तेव्हा आबांना तो सणापुरताच आणि एखादाच पेला द्या.