अनुभव धागा : स्वमग्न मुलांना घेऊन (किंवा स्वतः) चित्रं बघायला

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्यांचा विचार करून दारं उघडणारी संग्रहालयं आता बरीच आहेत. कुणी गेलं असाल तर लिहा. काय सोबत नेलं, कुठे अडलं, मूल कशापाशी रमलं, सगळं सांगा. घरात बसून असलेल्यांना तेवढाच धीर येईल.

न्यू जर्सीहून, आई
लेक नऊ वर्षांचा, फार कमी बोलतो. न्यूयॉर्कचं मेट संग्रहालय आधी वाचून दाखवायला सचित्र माहिती देतं, शिवाय शांत, कमी गर्दीच्या जागांचा नकाशा. दोन्ही छापून घेतलं आणि आठवडाभर रोज झोपताना वाचलं. दारात बॅग तपासायची वेळ आली, तर यानं मी सांगायच्या आत आपली बॅग पुढे केली. मला तिथेच भरून आलं.

चिलखतातले घोडेस्वार बघायचं ठरलं होतं, पण तिथे शाळेची सहल आलेली. आवाज घुमायला लागला, त्यानं कान घट्ट दाबले. नकाशा काढला आणि सरळ तिथल्याच चिनी अंगणात गेलो. चीनच्या सूचौ शहरातल्या जुन्या बागेतल्या अंगणावरून १९८१ साली उभारलेलं आहे ते. छतातून उजेड येतो, कोपऱ्यात पाणी झुळझुळतं. तो पाण्याशी उकिडवा बसला, बोटं हलवत, चाळीस मिनिटं. कुणी वळून पाहिलं नाही. दुसरं काहीही न बघता घरी आलो, आणि तो दिवस आमचा फार छान गेला.

लंडनहून
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान तिशीनंतर झालं. टेट मॉडर्न हे इथलं आधुनिक कलेचं संग्रहालय म्हणजे जुनं वीजकेंद्र, त्यामुळे टर्बाइन हॉल या तिथल्या प्रचंड दालनात प्रत्येक आवाज अंगावर येतो. आवाज अडवणारी कानझाकणी तिथे मागितली की मिळतात. कशाला हवीत, असं मला कुणी विचारलं नाही. मार्क रॉथको या अमेरिकी चित्रकाराची प्रचंड तांबडी-काळी चित्रं होती त्या खोलीत मी कानझाकणी काढून ठेवली. उजेड मंद, कारण चित्रकारालाच तसा हवा होता. बाकावर बसून नुसत्या कडा बघत राहिले, तांबडा कुठे विरतो आणि काळा कुठे चढतो. उजेड कमी करा, असं मी आयुष्यभर सांगत आले आहे.

वॉशिंग्टनहून, बाबा
इथल्या स्मिथसोनियन संग्रहालयांचा ‘मॉर्निंग ॲट द म्युझियम’ हा कार्यक्रम जरूर करा. फुकट असतो, आधी नाव नोंदवायचं. इतरांसाठी दारं उघडण्यापूर्वी आत सोडतात. लेक धावली तरी कुणाच्या अंगावर जात नाही, एवढंच आम्हाला पुरतं.

पुण्याहून, आजोबा
आमचा अनुभव आधी वाईट होता. एका दालनात नातू हुंकार देऊ लागला, तर रखवालदार म्हणाले, “आवरा याला.” दहा मिनिटांत बाहेर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण दारावरच्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या दालनात मी आदल्या दिवशी एकटाच गेलो. तिथल्या काकांना भेटलो, नातवाचा फोटो दाखवला, तो असा आवाज करतो हेही सांगितलं. ते म्हणाले, “मंगळवारी सकाळी आणा, कुणी नसतं.”

मंगळवारी तो एकाच चित्रापुढे थांबला आणि म्हणाला, “बस.” चित्र बाजारपेठेचं होतं. मला बस दिसेना. मग त्यानं माझं बोट धरून दाखवली, अगदी मागे, नखाएवढी, लाल.